घोडीचा गाभ : शंका आणि निदान

गाय किंवा म्हैस गाभण राहिली की नाही, याचा अंदाज आपल्याकडील अनुभवी शेतकऱ्यास बहुधा बरोबर येतो. घोडीच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे घोडी बाळगणाऱ्या जाणत्या माणसाचाही तर्क पुष्कळदा चुकतो. पोट सुटले, घोडी माजावर आली नाही, म्हणून ती गाभण आहे असे समजून वर्षभर वाट पाहावी आणि शेवटी शिंगरू होऊच नये, असे घडते. याच्या उलटही घडते. घोडी रिकामी आहे या समजुतीने तिच्या पाठीवर बिऱ्हाडाचे ओझे लादले जाते आणि वाटेतच ती गाभडते. पहिल्या प्रकारात एक वर्ष वाया जाते. दुसऱ्या प्रकारात शिंगरू जाते आणि प्रसंगी घोडीही हातची जाते. हे दोन्ही प्रकारचे नुकसान टाळण्याजोगे आहे. त्यासाठी घोडीच्या शरीरधर्माची थोडी माहिती, तारखांची नोंद आणि ठरावीक दिवशी पशुवैद्यकाकडून तपासणी, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

घोडा कोणाच्या घरी असतो ?

घोडा हे आता श्रीमंतांच्या शर्यतीचे जनावर उरले आहे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात देशातील बहुसंख्य घोडे व तट्टे कष्टकरी कुटुंबांच्या दारी आहेत. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर आपले वाडे घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. त्यांचे बिऱ्हाड, भांडीकुंडी, लहान कोकरे, कोंबड्या आणि कधी कधी लहान मुलेदेखील घोड्याच्या पाठीवरून प्रवास करतात. भीमा नदीच्या थडीवरून जिला नाव मिळाले ती काटक व अल्पसंतुष्ट भीमथडी जात याच भागातील असून ती आज देशातील नोंदणीकृत अश्वजातींपैकी एक आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही घोड्यांच्या खरेदी-विक्रीची मोठी ठिकाणे होत. माथेरानला पर्यटकांना पाठीवरून नेणारे घोडे आणि लग्नसराईत वरातीला लागणारे घोडे यांवरही कित्येक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे.

हे पशुधन वेगाने घटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जनावरे आढळली. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्के होती. रस्ते आणि वाहने वाढल्याने काही घट अटळच आहे. परंतु जी कुटुंबे अद्याप घोड्यावर विसंबून आहेत त्यांच्या दृष्टीने प्रत्येक शिंगरू मोलाचे आहे. घोडी साधारणतः एका वेळी एकच शिंगरू देते आणि त्यासाठी तिला जवळजवळ वर्ष लागते. म्हणूनच तिच्या गाभाविषयीची अनिश्चितता इतर जनावरांपेक्षा अधिक महाग पडते.

अंदाज का चुकतो ?

घोडीचे माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते. त्यात ५ ते ७ दिवस माज टिकतो आणि माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी स्त्रीबीज सुटते. माज इतके दिवस चालत असल्याने तो नेमका कोणत्या दिवशी फळला हे बाहेरून कळत नाही. यासाठीच माज असेपर्यंत एक-दोन दिवसांच्या अंतराने घोडी पुन्हा पुन्हा नराला दाखवण्याची पद्धत आहे.

फळल्यानंतर तीन आठवड्यांनी घोडी पुन्हा माजावर आली नाही तर ती गाभण आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही खूण उपयोगी आहे, परंतु निर्णायक नाही. माज न येण्याची इतर कारणेही असतात. घोडी ही दिवस मोठा होत जाण्याच्या काळात माजावर येणारी जात आहे. आपल्या भागात दिवसाच्या लांबीतील फरक थंड देशांइतका मोठा नसला तरी हिवाळ्यात कित्येक घोड्यांचा माज मंदावतो अथवा बंद पडतो. अपुऱ्या चाऱ्यामुळे खंगलेली घोडी माज दाखवत नाही. व्यालेली घोडी ७ ते १० दिवसांत पहिल्यांदा माजावर येते; त्या वेळी ती फळवली आणि पुढे अंगावर शिंगरू पीत असल्याने तिचा माज थांबला, तर ती गाभण राहिली असा हमखास गैरसमज होतो. याखेरीज गर्भ नसतानाही अंडाशयातील पीतपिंड नेहमीच्या मुदतीत न विरता दोन-तीन महिने टिकून राहू शकतो. तोवर घोडीचे शरीर गाभण असल्यासारखेच वागते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. गाभण घोडी कधी कधी माजाची लक्षणे दाखवते आणि नराला जवळही येऊ देते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अंडाशयात नवी पुटके वाढत असतात, त्यामुळे असे होते. घोडी माजावर आली म्हणजे ती रिकामीच, असे ठरवून तिला माजावर आणण्याचे इंजेक्शन दिले गेले तर असलेला गर्भ पडतो. तपासणी न करता असे औषध देणे यासाठीच धोक्याचे आहे.

पोटावरून केलेला अंदाज तर त्याहून फसवा. निकस व भरड चारा खाणाऱ्या घोडीचे पोट सुटते, जंत झालेल्या घोडीचे पोट मोठे दिसते आणि अनेकदा व्यालेल्या वयस्क घोडीचे पोट मुळातच ओघळलेले असते. उलट, पहिलारू घोडीचे पोट आठव्या महिन्यापर्यंत फारसे जाणवत नाही. शेवटच्या तीन-चार महिन्यांत बरगड्यांच्या मागे कुशीत गर्भाची हालचाल दिसू शकते. विण्यापूर्वी दोन ते सहा आठवडे कास भरू लागते आणि शेवटच्या एक ते चार दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब धरतात. ही लक्षणे बरीचशी विश्वसनीय आहेत, परंतु ती दिसू लागतात तेव्हा निर्णय घेण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

निदानाच्या पद्धती

घोड्यांवरील उपचारांची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. घोड्याच्या वैद्यास 'सलोत्री' म्हणत आणि हा शब्द प्राचीन अश्ववैद्यकाचा प्रवर्तक मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आला आहे. तथापि गाभाचे निश्चित निदान ही विसाव्या शतकाची देणगी होय.

पहिली पद्धत गुदमार्गे हाताने तपासणी करण्याची. पशुवैद्यक आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपून पाहतो. गाभण घोडीचे गर्भाशय अठराव्या-विसाव्या दिवसापासून ताठर लागते आणि पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास संत्र्याएवढा फुगवटा हाताला जाणवतो. या पद्धतीला उपकरण लागत नाही. कसबी हात मात्र लागतो. घोडीचे गुदाशय गाईच्या मानाने नाजूक असते. तपासणीच्या वेळी ते फाटल्यास बहुधा घोडी दगावते. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचा सराव असलेल्या व्यक्तीनेही केवळ त्या अनुभवावर घोडीला हात घालू नये. ही तपासणी पशुवैद्यकानेच, घोडीला नीट आवरून करावयाची असते.

दुसरी पद्धत अल्ट्रासाऊंड अर्थात सोनोग्राफीची. १९८० साली फ्रान्समधील पामर व द्रियांकूर या संशोधकांनी घोडीतील गर्भ या पद्धतीने पाहता येतो हे दाखवून दिले आणि अश्वपालनाचे चित्रच पालटले. चौदाव्या-पंधराव्या दिवशी सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाचा गर्भकोश पडद्यावर काळ्या वर्तुळासारखा दिसतो. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. वयस्क घोडीच्या गर्भाशयात पाण्याने भरलेल्या लहान गाठी असू शकतात आणि त्या गर्भकोशासारख्याच दिसतात. म्हणून शंका आल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. गर्भ वाढतो, गाठ तेवढीच राहते.

तिसरी पद्धत रक्ताच्या परीक्षेची. १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरॉल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात एक विशिष्ट संप्रेरक आढळले. त्यास अश्व-गोनाडोट्रोपिन म्हणतात. साधारणतः चाळिसाव्या ते एकशेविसाव्या दिवसापर्यंत ते रक्तात सापडते. हरियाणातील हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने याच संप्रेरकावर आधारलेला परीक्षासंच विकसित केला आहे. जेथे सोनोग्राफीचे यंत्र पोहोचत नाही तेथे रक्ताचा नमुना पाठवता येतो, ही या पद्धतीची मोठी सोय होय.

या परीक्षेच्या दोन मर्यादा मात्र माहीत असल्या पाहिजेत. ज्या पेशी हे संप्रेरक तयार करतात त्या गर्भ मेल्यानंतरही काही आठवडे जिवंत राहतात. त्यामुळे परीक्षा 'गाभण' असे सांगते, पण पोटात गर्भ नसतो. दुसरे असे की, घोडीला गाढवाचा नर दाखवून खेचराचा गर्भ राहिला असेल तर हे संप्रेरक फार कमी प्रमाणात तयार होते आणि लवकर नाहीसे होते. अशा वेळी परीक्षा 'रिकामी' म्हणते आणि घोडी मात्र गाभण असते. खेचरांची पैदास करणाऱ्यांनी ही बाब तपासणीपूर्वीच पशुवैद्यकास सांगावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर रक्तातील इस्ट्रोन सल्फेट या संप्रेरकाची परीक्षा अधिक खात्रीची ठरते. कारण ते जिवंत गर्भाच्या आधारानेच तयार होते.

पस्तिसाव्या दिवसाचे महत्त्व

घोडीच्या गर्भधारणेत पस्तीस-छत्तिसावा दिवस हा एक उंबरठा आहे. या सुमारास गर्भाच्या आवरणातील पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तेथे वाटीच्या आकाराच्या छोट्या रचना तयार करतात. वर उल्लेखिलेले अश्व-गोनाडोट्रोपिन याच वाट्यांत तयार होते. एकदा त्या तयार झाल्या की पुढे गर्भ मेला तरी त्या सुमारे १२० व्या दिवसापर्यंत टिकून राहू शकतात आणि तोवर घोडी नियमित माजावर येऊन फळत नाही. थोडक्यात, गर्भ गेला आणि हंगामही गेला.

गर्भ जाण्याचे प्रमाण कमी नाही. पहिल्या दोन महिन्यांत शंभरांपैकी सुमारे दहा गर्भ नाहीसे होतात आणि वयस्क घोड्यांत हे प्रमाण अधिक असते. गर्भ लहान असल्याने बाहेर काहीही दिसत नाही. पस्तिसाव्या दिवसापूर्वी हे लक्षात आले तर त्याच हंगामात घोडी पुन्हा फळवता येते. नंतर लक्षात आले तर बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

जुळ्यांचा प्रश्नही याच मुदतीत सोडवावा लागतो. घोडीच्या वारेला संपूर्ण गर्भाशयाचा पृष्ठभाग लागतो. दोन गर्भांनी तो वाटून घेतला की दोघांचेही पोषण अपुरे होते. अशा बहुतेक घोड्या उशिरा, पुष्कळदा आठव्या-नवव्या महिन्यात गाभडतात आणि त्यात घोडीच्याही जिवाला धोका असतो. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भकोश गर्भाशयात फिरते असतात. त्यानंतर ते एका जागी स्थिरावतात. ते फिरते असतानाच पशुवैद्यकास दोहोंपैकी एक कोश दाबून नष्ट करता येतो आणि दुसरा सुखरूप वाढतो.

यावरून तपासणीचे वेळापत्रक सहज ठरते. पहिली तपासणी चौदाव्या ते सोळाव्या दिवशी, दुसरी पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी आणि तिसरी पंचेचाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान करावी. सोनोग्राफीची सोय नसेल तर तिसाव्या दिवसाच्या आसपास हाताने एक तपासणी आणि दोन महिन्यांनी पुन्हा एक तपासणी एवढे तरी अवश्य व्हावे. एकदा 'गाभण आहे' असे सांगितले गेले म्हणजे पुढचे पाहावयास नको, ही समजूत सोडून द्यावयास हवी.

तारखेची नोंद

वरील सर्व तपासण्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. ती म्हणजे घोडी नराला दाखवल्याची तारीख. ती ठाऊक नसेल तर उत्तम यंत्रही अपुरे पडते; कारण चौदावा दिवस कोणता आणि पस्तिसावा कोणता हेच कळत नाही. वहीच्या एका पानावर घोडीचा रंग व खुणा, नर कोणता, तो दाखवल्याची प्रत्येक तारीख, तपासणीच्या तारखा व निष्कर्ष आणि विण्याची अपेक्षित तारीख एवढे लिहून ठेवले तरी काम भागते.

घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा असतो. ३२० ते ३६५ दिवसांत केव्हाही विणे स्वाभाविक मानले जाते. शेवटी नर दाखवल्याच्या तारखेपासून एक वर्ष पुढे जाऊन २५ दिवस मागे आले की अपेक्षित तारीख मिळते. १० फेब्रुवारीला फळलेली घोडी पुढच्या वर्षी १६ जानेवारीच्या सुमारास विईल. जी कुटुंबे आजही तिथीने दिवस मोजतात त्यांच्यासाठी हिशेब आणखी सोपा आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने पुढील वर्षी त्याच तिथीच्या साधारण पंधरवडाभर आधी घोडी विते. मध्ये अधिक मास आला तर मात्र तिथीच्या सुमारे दीड महिना आधी विण्याची तयारी ठेवावी. गाढवी पाळणाऱ्यांनी हा हिशेब लावू नये. तिचा गर्भकाळ सुमारे बारा महिन्यांचा असतो.

निश्चिती झाल्यावर

घोडी गाभण आहे असे ठरल्यावर तिला बांधून ठेवण्याची गरज नाही. पहिल्या सात-आठ महिन्यांत बेताचे काम तिला मानवते. गर्भाच्या वजनातील निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्या काळात पाठीवरचे ओझे बंद करावे, खुराक वाढवावा, स्वच्छ पाणी द्यावे आणि लांबची वाटचाल टाळावी. धनुर्वाताची लस विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे देण्याची प्रथा आहे. इतर लसी व जंतनाशक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून शिंगराला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणून जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांतच शिंगराने चीक प्यायला हवा.

भटकंती करणाऱ्या कुटुंबांना तारखेचा आणखी एक उपयोग आहे. माघ-फाल्गुनात फळलेली घोडी पुढच्या वर्षी नेमकी वाडा घरापासून दूर असताना विणार. उन्हाळ्याच्या अखेरीस फळलेली घोडी वाडे परतण्याच्या सुमारास विणार. घोडी केव्हा फळवावी हे जनावराच्या मर्जीवर सोडण्याऐवजी कुटुंबाला आपल्या वाटचालीचा विचार करून ठरवता येईल. विण्याच्या महिन्यात ओझ्यासाठी दुसऱ्या जनावराची सोयही आधीच करून ठेवता येईल.

बाजारात व गावपातळीवर

घोडेबाजारात गाभण घोडीला चढा भाव येतो. मार्गशीर्षातल्या बाजारात 'सात महिन्यांची गाभण' म्हणून घेतलेली घोडी चैत्र-वैशाखात रिकामी निघाली की वाद होतात. तोवर विकणारा दूरच्या गावी गेलेला असतो. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. विकणाऱ्याचा स्वतःचाच अंदाज चुकलेला असतो. पशुवैद्यकाने तपासून दिलेला लेखी दाखला, त्यावर घोडीच्या खुणा व तपासणीची तारीख, हा दोन्ही पक्षांच्या हिताचा मार्ग आहे. बाजार भरवणाऱ्या समित्यांनी व ग्रामपंचायतींनी बाजाराच्या आवारातच तपासणीची सोय करून घेतल्यास पुष्कळ तंटे मुळातच टळतील.

गावपातळीवर करण्याजोगी कामे खर्चाची नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्याजवळचा खोडा गाईच्या मापाचा असतो. तो घोडीसाठी सुरक्षित आहे का हे पशुवैद्यकास विचारून दुरुस्त करून घ्यावा. ज्या गावांवरून धनगरांचे वाडे दरवर्षी जातात तेथे त्यांच्या मुक्कामाच्या दिवसांत तपासणीचा एक दिवस ठेवावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी असलेला १९६२ हा दूरध्वनी क्रमांक वाड्यांपर्यंत पोहोचवावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्या संगोपनाशी निगडित उद्योजकतेचा समावेश करण्यात आला आहे. या तरतुदीची माहितीही पंचायत समितीमार्फत संबंधितांना मिळावयास हवी. शिक्षकांनी भटक्या कुटुंबांतील मुलांना तारखा मोजण्याचे उदाहरण म्हणून घोडीचाच हिशेब घातला, तर गणितही पक्के होईल आणि घरातील वहीही लिहिली जाईल.

घोडीच्या पोटाकडे पाहून तर्क करण्यात पिढ्यान् पिढ्या गेल्या. त्या तर्कांमागे अनुभव होता, परंतु घोडीचे शरीर अनुभवी डोळ्यांनाही चकवते. फळल्याची तारीख लिहिली गेली आणि पस्तीस दिवसांच्या आत पशुवैद्यकाचा हात तिला लागला, तर ज्या कुटुंबाचा संसार तिच्या पाठीवरून चालतो त्याला पुढचे वर्ष डोळे उघडे ठेवून आखता येईल.